तपकिरीपुरता थांबा

गार्डसाहेबांचं मानपत्र मी लिहिलं. मजकूर चर्चच्या पाळकसाहेबांचा होता, अक्षर तेवढं माझं. अक्षर चांगलं असणं हा माझ्या जन्माचा ताप आहे. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत जयंतीचा फलक असो की कुणाच्या बदलीचा निरोपसमारंभ, लोक कागदाची सुरळी घेऊन सरळ पार्सल ऑफिसात माझ्या टेबलाशी येत. मी बौद्ध, मानपत्र चर्चच्या मंडळीनं द्यायचं. पण अक्षराला धर्म कोण विचारतो? मी जाड कागद घेतला, कडेनं सोनेरी वेल काढली आणि मधोमध ठळक लिहिलं, ‘मंडळी, संगीत आणि कुटुंब यांस वाहिलेले दीर्घ आयुष्य.’

खरं सांगायचं तर मूळ मजकुरात ‘मंडळी आणि संगीत’ एवढंच होतं. त्यामुळं ओळ आखूड पडत होती. वेलीच्या आत उजवीकडं चार बोटं जागा मोकळी राहत होती. मी पाळकसाहेबांना म्हणालो, “साहेब, इथं अजून काहीतरी पाहिजे.” ते तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी जरा छताकडं पाहिलं आणि म्हणाले, “कुटुंब टाका.” मी टाकलं. ज्या माणसाच्या भिंतीला भिंत लावून मी पाच-सहा वर्षं राहिलो, त्याच्याबद्दल एवढं धडधडीत खोटं मी इतक्या वळणदार अक्षरात लिहिलं, याची मला आजही लाज वाटते.

याकोब साळवे हे त्यांचं नाव. पण रेल्वेत गार्ड म्हणून जन्म गेला, त्यामुळं रिटायर झाल्यावरही सगळे गार्डसाहेबच म्हणत. उंच, वाळलेला माणूस. पांढरा कोट, पितळी बटणं रोज चिंचेनं घासलेली, खिशात साखळीचं घड्याळ. समोरचा कोणीही असला तरी ‘सलाम’ म्हणायचे आणि आपण उत्तर देईपर्यंत हलायचे नाहीत. मी सुरुवातीला ‘जय भीम’ म्हणायचो. त्यावर ते मान हलवायचे आणि म्हणायचे, “वाघमारे, तुमच्या लोकांच्या गाण्यात सूर हाय, पर शिस्त न्हाई. लय पळता तुमी.”

पळण्याची त्यांना चीड होती. गार्डाला असायलाच हवी, असं तुम्ही म्हणाल. पण यांना गाडी पळालेलीसुद्धा खपत नसे. गाडीच्या शेवटी गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसून ते रविवारच्या गाण्यांची तालीम करत. चुडाव्याला गाडी थांबली आणि साहेबांचं कडवं अर्धवट असलं, की ते पूर्ण होऊन ‘आमेन’ म्हटल्याशिवाय हिरवं निशाण बाहेर येत नसे. इंजिनातून ड्रायव्हर डोकं काढून मागं बघतोय, स्टेशनमास्तर घड्याळ बघतोय, आणि प्लॅटफॉर्मवरची बाई पोराला सांगतेय, “थांब रं, साहेबाचं आमेन व्हायचंय.” नेहमीचे प्रवासी तेवढ्यात खाली उतरून चहा पिऊन येत. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायला लागल्या त्याच्या थोडं आधी साहेब रिटायर झाले. नाहीतर आमेनपायी आत गेले असते.

रेल्वेचं असं, तर चर्चचं कसं असेल? रुळांपलीकडं कडुनिंबाच्या झाडांत चर्चची छोटी कौलारू इमारत होती. आत एक पायपेटी होती. कुणी गोरी मडम मायदेशी जाताना ती मागं ठेवून गेली होती. कपाटाएवढी ती पेटी पायानं दोन फळ्या दाबून वारा भरायचा आणि हातानं वाजवायची. ती साहेबांच्या ताब्यात कधी आली, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या कुणी तिला हात लावला तर ते आधी रुमालानं पट्ट्या पुसत आणि मग त्या माणसाकडं बघत. तो माणूस पुन्हा हात लावत नसे.

आता तपकिरीचं. साहेबांना तपकीर लागायची. आणि त्यांचं म्हणणं असं, की गाण्याच्या चौथ्या ओळीला सूर वर चढतो, तेव्हा नाक मोकळं पाहिजे. म्हणून प्रत्येक कडव्यात तिसरी ओळ संपली की साहेब पेटीवरचे हात उचलायचे, कोटातून डबी काढायचे, झाकणावर दोन टिचक्या मारायचे, एक चिमूट या नाकपुडीत, एक त्या, मग रुमाल, मग डबी खिशात, आणि मग चौथी ओळ. तोवर मंडळी उभी. माना खाली, डोळे मिटलेले. हे इतकी वर्षं चाललं, की तिसऱ्या ओळीनंतर थांबायचं असतं अशीच पूर्णेच्या लोकांची समजूत झाली. इथं जन्मलेल्या पोरांना गाणं शिकवतानासुद्धा आया तो थांबा शिकवत.

एकदा मोठा मेळावा भरला, गावोगावच्या मंडळ्या आल्या, मीही बघायला गेलो. शेकडो लोक एका सुरात गायला लागले. तिसरी ओळ संपली आणि पूर्णेचे चाळीस जण एकदम गप्प झाले. माना खाली. बाकीचे पुढं गेले, गोंधळले, थांबले. आमच्या पूर्णेकरांनी सावकाश श्वास घेतला आणि चौथी ओळ उचलली. शेवटी बिशपसाहेबांनी भाषणात सांगितलं, की पूर्णेच्या मंडळीकडून मौनाची भक्ती शिकण्यासारखी आहे. साहेब पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. घरी आल्यावर मी विचारलं, “साहेब, बिशपांना तपकिरीचं का नाही सांगितलं?” ते म्हणाले, “सांगायचं काय त्यात? भक्तीच हाय ती.” आणि डबी काढली.

इथवर हसायला ठीक आहे. मीही हसायचो. पण दुष्काळाच्या साली त्यांची बायको मार्थाबाई गेली आणि तेव्हापासून माझं हसणं थोडं आंबट झालं.

रुळांच्या कडेला त्यांचं कबरस्तान. शवपेटी खाली सोडायला चार जण लागतात. साहेबांना दोन मुलगे होते. त्यातल्या एकाला बेसूर म्हणून आणि दुसऱ्याला सुरात असून ऐकत नाही म्हणून इतकं टाकून बोललं गेलं होतं, की दोघांनीही सिकंदराबादेकडं नोकऱ्या धरल्या होत्या. ते वेळेवर पोचले नाहीत. म्हणून एका दोराला मी होतो. मंडळी गात होती, आम्ही सावकाश दोर सोडत होतो. पेटी निम्म्यात गेली असेल, तेवढ्यात साहेबांनी हात वर केला.

“थांबा. तिसरी ओळ सुरातून उतरली. पुन्हा घ्या.”

आम्ही थांबलो. चार माणसं, दोर तळहातात रुतलेले, मार्थाबाई मधल्या मधे. मंडळीनं कडवं पुन्हा घेतलं. तिसरी ओळ बरी झाली असावी, कारण साहेबांनी मान डोलावली. आणि मग, शपथेवर सांगतो, डबी बाहेर आली. दोन टिचक्या. एक चिमूट, दुसरी चिमूट, रुमाल. माझ्या शेजारी त्यांची मुलगी एस्तेर उभी होती. ती हळूच म्हणाली, “लय काचायलंय का भाऊ?” स्वतःची आई दोरावर लटकलेली असताना तिनं माझ्या हातांची चौकशी केली. त्या वेळी मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला, की हातातला दोर निसटतो की काय असं झालं.

त्यानंतर घरात दोघंच राहिली. एस्तेरला गाणं साहेबांनीच शिकवलेलं. ती पेटी त्यांच्याहून चांगली वाजवायची, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. दुपारी साहेब झोपले की ती चर्च झाडायला जायची आणि झाडून झालं की वाजवत बसायची. पार्सल ऑफिसापर्यंत ऐकू यायचं. तिच्या हातचं गाणं तिसऱ्या ओळीनंतर थांबत नसे, सरळ वर चढायचं, आणि हमालसुद्धा पोतं पाठीवर घेऊन घटकाभर उभे राहायचे. रविवारी मात्र पेटीवर साहेबच. “बाईच्या हाताला मंडळी चालत न्हाई,” असं ते म्हणायचे. मंडळीला कुणी विचारलं नव्हतं.

पुढं साहेबांचे गुडघे गेले. फळ्या दाबणं होईना. दुसऱ्या कुणी तेव्हा पेटी सोडली असती. यांनी लोको शेडमधल्या एका फिटरला धरून पेटीच्या मागं लाकडी दांडा बसवून घेतला. दांडा खालीवर केला की वारा भरायचा. दांड्यापाशी एक स्टूल, स्टुलाभोवती निळा पडदा आणि पडद्याच्या आत एस्तेर. साहेब पुढं बसून वाजवायचे, ती मागं बसून वारा घालायची. नव्या माणसाला कळायचंसुद्धा नाही, की आत कोणी आहे. तपकिरीच्या वेळीही तिला दांडा सोडायची मुभा नव्हती. “वारा भरून ठीव,” असं साहेब पडद्याकडं न बघता म्हणायचे.

मग स्थळं आली तर काय होणार, ते उघड आहे. पोरगी तिशीला टेकलेली, शिकलेली, कामसू. स्थळं यायची. साहेब मुलाला खुर्चीत बसवायचे, चहा द्यायचे आणि म्हणायचे, “एक कडवं म्हणा.” जालन्याचा एक कंपाउंडर घसा खाकरून गेला. औरंगाबादचा एक कारकून चांगला गायला, तर तिसऱ्या ओळीनंतर थांबला नाही म्हणून नापास झाला. मी एकदा म्हणालो, “साहेब, जावई पाहायलाय का चर्चचा कॉयर भरायलाय?” ते चिडले. “सूर न्हाई त्या घरात पोरगी देऊ का? इज्जत हाय का न्हाई?” इज्जतीचा प्रश्न नव्हता. प्रश्न दांड्याचा होता. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या एस्तेरला तर सगळ्यांत आधी.

शेवटचं स्थळ राणीसावरगावहून आलं. दाविद मास्तर तिथं शाळेत शिकवायचे. साधा माणूस, धोतरासारखा चुरगळलेला पायजमा. साहेबांनी नेहमीप्रमाणं फर्मावलं, “एक कडवं म्हणा.” मास्तर म्हणाले, “मला गायला येत न्हाई, साहेब.”

“मग काय येतं?”

“ऐकायला येतं.”

आतून एस्तेरचं हसू ऐकू आलं. त्या घरात ते मी पहिल्यांदाच ऐकलं. साहेबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मास्तरांना परतीच्या गाडीची वेळ सांगितली. पुढं वर्षभर राणीसावरगावहून पत्रं येत होती. ती कुणामार्फत पोचत होती ते मी सांगणार नाही. पार्सल ऑफिसात माझं टेबल होतं, एवढंच सांगतो.

मंडळीनं साहेबांचा सत्कार ठेवला त्या रविवारच्या आदल्या दिवशी एस्तेर माझ्याकडं आली. वडिलांना ती दादा म्हणायची. “भाऊ, मास्तर उद्या सकाळच्या गाडीनं यायलेत. साडेअकराच्या पॅसेंजरनं परत जायचं म्हणलेत, माझ्यासंगं. मी हौ म्हणलं न्हाई अजून.”

“का?”

“दादाचा सत्कार हाय. चांगल्या दिवशी माणूस चांगलं बोलतंय. चारचौघांत येकदा माझं नाव काढून ‘जा बाई आता’ म्हणले, तर त्यांच्या पाया पडून जाईन. येवढी वाट बघते.” मानपत्रावरची वेल अजून ओली होती. तिनं ‘कुटुंब’ हा शब्द वाचला आणि कागदावर फुंकर घातली.

रविवारी मला मानाच्या पाहुण्यांत बाजूच्या दाराजवळ खुर्ची होती. तिथून पडद्याच्या आतलं दिसायचं. दाविद मास्तर पार्सल ऑफिसात वजनकाट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, हे फक्त मला आणि तिला माहीत. मानपत्र वाचून झालं, हार झाले. साहेब उत्तराला उठले. पितळी बटणं चकाकत होती. मंडळीबद्दल बोलले, मडमेबद्दल बोलले, पेटीबद्दल तर फारच बोलले. आणि मग म्हणाले, “लोक इचारत्यात, साळवे, गुडघे गेले, आता पेटीचं काय? तर आमच्या एस्तेरचं सांगतो.”

पडद्याआड ती ताठ झाली.

“मी मरंपर्यंत पेटी वाजीवणार, आन् आमची एस्तेर वारा घालणार. तिनं लग्नबिग्न काई करायचं न्हाई आसं ठरीवलंय. तिनं जिंदगी पेटीला वाहिलीय.”

“आमेन,” मंडळी म्हणाली. चाळीस माणसं, एका सुरात.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं नीट गेलं. तपकीर झाली. दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ संपली, साहेबांनी हात उचलले, डबी काढली, टिचक्या मारल्या. एस्तेरनं दांडा अलगद खाली टेकवला, जसं झोपलेलं लेकरू खाली ठेवतात. पदर खोचला. बाजूच्या दारातून जाताना माझ्याजवळ थांबली. मी अर्धवट उठलो, तर कानाशी म्हणाली, “बसा भाऊ. लय येळ हाय. तपकीर चाललीय म्हणून थांबतील. सलाम.”

साहेबांनी रुमाल घडी केला, बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि दाबली. नुसती लाकडाची टकटक. पुन्हा दाबली. “वारा,” ते हळूच म्हणाले. मंडळी उभीच, माना खाली, डोळे मिटलेले. कुणालाच काही वाटलं नाही. सत्काराचा दिवस, साहेबांनी आज मोठी चिमूट घेतली असेल, असा त्यांचा हिशेब असावा. मिनिट गेलं, दुसरं गेलं. पुढच्या बाकावरची म्हातारी उभ्या उभ्या पेंगायला लागली. साहेबांनी वळून पडदा बाजूला केला. स्टूल रिकामं होतं.

तेवढ्यात रुळांकडून गार्डाची शिट्टी आली, मग इंजिनाची. तीस वर्षं जी शिट्टी स्वतः फुंकली ती त्यांना वेगळी ओळखायची गरज नव्हती. बाजूचं दार उघडं होतं. डब्यांची खडखड पुलाकडं जाऊन विरेपर्यंत ते तसेच बसून होते, आणि तोवर चाळीस माणसं भक्तिभावानं गप्प होती. मग साहेब म्हणाले, “पेटी बिघडली. तसंच म्हणा.” मंडळीनं चौथी ओळ उचलली. तिसऱ्या कडव्यात तिसरी ओळ संपल्यावर ती पुन्हा थांबली. डबी निघाली नाही, तरी थांबली.

त्यानंतर दांड्यावर बसायला तीन-चार जण तयार होते. साहेबांनी कुणाला बसू दिलं नाही. पेटीवर चादर पडली. म्हातारा स्वतः भाकरी करायला शिकला आणि पहिले दोन महिने ती करपल्याचा वास भिंतीपलीकडून माझ्या घरात येत होता. मला वाटत होतं, बरं झालं, भोगा आता. खोटं कशाला बोलू?

नाताळच्या आधी एका सकाळी साहेब पार्सल ऑफिसात आले. काखेत फ्रेमसकट मानपत्र. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. “सलाम. यातला येक शब्द खोडा.”

“कोणता?”

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. ‘कुटुंब’ या शब्दावर.

मी म्हणालो, “साहेब, ओळ आखूड पडेल.”

“पडू द्या.” मग खिशातून एक पत्र काढून पुन्हा आत ठेवलं. “एस्तेरनं बोलावलंय. नाताळाला. जायलोय आज. तिला दाखवावं म्हणलं, मंडळीनं काय दिलं ते. तर वाचलं नीट. येवढं खोटं घेऊन तिच्या दारात कसा जाऊ?”

तो शब्द का आला, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मी खिळे काढले, काच काढली, पांढरा रंग आणला आणि माझ्याच अक्षरावर दोन हात दिले. साहेब कागद पंख्याखाली धरून रंग वाळेपर्यंत उभे राहिले.

गाडीपर्यंत मी गेलो. परभणीकडची तीच पॅसेंजर. तिच्यावरचा गार्ड साहेबांच्या हाताखाली शिकलेला होता. साहेब खिडकीशी बसले, मांडीवर फ्रेम. गार्डानं निशाण उघडलं, आणि त्याच वेळी साहेबांनी सवयीनं डबी काढली, टिचक्या मारल्या. गार्डानं ते पाहिलं. निशाण खाली घेतलं आणि अदबीनं उभा राहिला. ड्रायव्हरनं डोकं काढून मागं बघितलं. आजूबाजूची चार माणसंही थांबली. साहेबांनी चिमूट उचलली होती. ती त्यांनी परत डबीत टाकली, झाकण लावलं.

“सोड गाडी,” ते गार्डाला म्हणाले. “लय लेट झालंय.”

मी घड्याळ पाहिलं. गाडी अगदी वेळेवर होती.